गोष्ट एकाची, रेघ दुसऱ्याची

नेरूळ असो, तुर्भे असो की तळोजा, नवी मुंबईतल्या कुठल्याही शाळेत मुलांच्या वह्या शेवटून उघडून पाहा. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर गणित क्वचितच सापडते. तिथे चौकटी आखलेल्या असतात, चौकटीत माणसे असतात आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत संवाद लिहिलेले असतात. आम्ही शिक्षक आधी रागावतो आणि मग हळूच वाचतो. ‘‘हे तू काढलंस?’’ असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘‘चित्र माझं आहे, पण गोष्ट आपाने सांगितली.’’ किंवा, ‘‘भाई लिहितो, मी रंगवते.’’ एकाच घरातली दोन मुले मिळून एक काम करत असतात, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पत्ता लागतो तेव्हा पालक सभेत अब्बूंचा प्रश्न येतो, ‘‘छंद म्हणून ठीक आहे हो, पण यात पोट भरेल का? आणि दोघांनीही हेच करायचं म्हटलं तर?’’ प्रश्न रास्त आहे. हप्त्यावर घर घेतलेल्या, रिक्षा किंवा दुकान चालवून मुलांना शिकवणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. त्याला ‘मुलांच्या आवडीला वाव द्या’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही. म्हणून ज्या भावंडांनी हे काम करून दाखवले त्यांच्याकडे, आणि या कामाच्या व्यवहाराकडे, जरा नीट पाहू या.

चित्रकथा म्हणजे दोन कामे

कॉमिक किंवा चित्रकथा हे एका माणसाचे काम वाटते, पण त्यात निदान दोन हुनर लागतात. पहिला गोष्ट रचण्याचा. कुठल्या चौकटीत काय घडेल, कोण काय बोलेल, पान उलटताना वाचक कुठे थांबेल, हे लेखक ठरवतो. दुसरा चित्र काढण्याचा. आधी पानाचा छोटा कच्चा आराखडा, मग पेन्सिल, मग शाई, मग रंग आणि शेवटी अक्षरे. मोठ्या प्रकाशनसंस्थांत ही कामे पाच-सहा माणसे वाटून घेतात. घरात ती दोन भावंडे वाटून घेऊ शकतात.

भावंडांना इथे एक फायदा असतो. एकाच्या डोक्यातला आजोबा कसा दिसतो, हे दुसऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, कारण दोघांनी एकच आजोबा पाहिलेला असतो. गल्ली, ईदची गडबड, शेजारची खाला, पावसात तुंबलेले स्टेशन, सगळे सामायिक असते. शिवाय भाऊ बहिणीला तोंडावर सांगू शकतो, ‘‘हे चित्र जमलं नाही.’’ बाहेरचा माणूस एवढे स्पष्ट बोलत नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला एक गंमत दिसते. मराठी चित्रकथा डावीकडून उजवीकडे वाचली जाते, म्हणून आधी बोलणारे पात्र चौकटीत डावीकडे उभे करावे लागते. उर्दूत वाचन उजवीकडून सुरू होते, म्हणून आधी बोलणारा उजवीकडे हवा. मराठी पानावरचे शब्द पुसून तिथे उर्दू लिहिले तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असा घोटाळा होतो. पान नव्याने मांडावे लागते. आपल्या घरांतली मुले दोन्ही लिपी जाणतात. ही त्यांची कमाई आहे, आणि या धंद्यात तिला किंमत मिळू शकते.

म्हैसूरचे दोन भाऊ

भावंडांच्या जोडीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे आर. के. नारायण आणि आर. के. लक्ष्मण. नारायण यांचा जन्म १९०६ चा, लक्ष्मण यांचा १९२१ चा. वडील मुख्याध्यापक. ते आजारी पडले आणि पुढे वारले तेव्हा लक्ष्मण लहान होते. घराचा भार मोठ्यांनी उचलला आणि धाकट्याचे शिक्षण चालू ठेवले.

थोरला भाऊ लिहिण्यावर जगायचे म्हणून हट्टाने घरी बसला होता. पहिल्या वर्षी लेखनातून त्यांना मिळाले ९ रुपये १२ आणे. पहिली कादंबरी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रकाशकांकडून परत येत राहिली. शेवटी इंग्लंडमधल्या एका मित्राने हस्तलिखित ग्रॅहम ग्रीन या लेखकापर्यंत पोहोचवले आणि १९३५ मध्ये पुस्तक निघाले. धाकटा भाऊ तोवर भिंती आणि फरशा रंगवत होता. त्याच्या खोड्या पाहून थोरल्याने डोडू नावाच्या मुलाची गोष्टही लिहिली. लक्ष्मण म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकत असताना ‘द हिंदू’मध्ये येणाऱ्या नारायण यांच्या कथांना चित्रे काढू लागले. थोरल्याची गोष्ट, धाकट्याची रेघ. लक्ष्मण यांच्या हाताला वळण लागले ते या घरच्या कामातून.

त्याआधी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता. पुढे ते त्याच मुंबईत आले, ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काम केले आणि मग ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पन्नास वर्षांहून अधिक काळ रेखाटत राहिले. १९५१ पासून त्यांच्या व्यंगचित्रातला चौकड्यांच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ रोज घराघरांत येऊ लागला. एशियन पेंट्सचा हातात रंगाचा डबा घेतलेला गट्टू हाही त्यांचाच. १९८४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमच्या मते या गोष्टीतला शिकण्यासारखा भाग मोठेपणाचा नाही, वाटेचा आहे. दोघे भाऊ आयुष्यभर एकाच टेबलावर बसले नाहीत. एक म्हैसूरला राहिला, दुसरा मुंबईला गेला. प्रत्येकाने आपले स्वतंत्र काम उभे केले. पण गरज लागली तेव्हा ते एकत्र आले. कर्नाटकावरचे ‘द एमराल्ड रूट’ हे पुस्तक नारायण यांनी लिहिले आणि चित्रे लक्ष्मण यांनी काढली. दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागायचे तेव्हा सुरुवातीला दिसणारी रेखाटने धाकट्या भावाची होती. जोडी टिकली, कारण ती एकमेकांच्या जिवावर उभी नव्हती.

कोकणात आणि बंगळुरूत

आपल्याकडे चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची रीत कॉमिकच्याही आधीची आहे. नवी मुंबईतल्या पुष्कळ मुस्लिम घरांची मुळे कोकणात आहेत. त्याच कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, ठाकर समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आली. एकेक चित्र पुढे धरायचे आणि त्यावरची कथा गाऊन सांगायची. ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली. २००६ मध्ये त्यांनी गोठ्याच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे मुलगे एकनाथ आणि चेतन हे दोघे भाऊ हा वारसा पुढे चालवतात. दोन भावांनी बापाची कला हातात घेतली म्हणून आज ती शहरातल्या मुलांनाही बघायला मिळते.

मुघल दरबारातही अशी घरे होती. अकबराच्या चित्रशाळेत ‘हमझानामा’ची सुमारे १४०० मोठी चित्रे तयार झाली. चित्राच्या मागे मजकूर असे, म्हणजे समोरच्यांना चित्र दिसावे आणि मागून कथा वाचली जावी. जहांगीरच्या काळात अबुल हसन आणि आबिद हे सख्खे भाऊ चित्रकार होते, बालचंद आणि पयाग हेही भाऊच. त्या काळी हुनर बापाकडून मुलाकडे आणि भावाकडून भावाकडे जात असे.

आजच्या काळातले आणि आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे नाव म्हणजे बंगळुरूचे मोहम्मद अली वकील आणि मोहम्मद आरिफ वकील हे बंधू. आधी इंटरनेटवर एकेक छोटी चित्रकथा आणि मग २०११ मध्ये ‘४० सूफी कॉमिक्स’ हे पुस्तक, अशी त्यांची सुरुवात झाली. इस्लामी परंपरेतल्या लहान लहान बोधकथा त्यांनी चौकटींत बसवल्या. पुढे त्यांनी हारून रशीदच्या काळातल्या बहलूलवर ‘द वाइज फूल ऑफ बगदाद’ आणि नंतर मौलाना रूमींच्या कथांवर पुस्तक काढले. बहलूलच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रांचे काम राहील मोहसिन या कलाकाराकडे सोपवले आणि खुशनवीसीचे काम मुख्तार अहमद यांच्याकडे. इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. दोघे भाऊ आहेत म्हणून सगळे दोघांनीच केले पाहिजे असे नाही. जिथे आपला हात कमी पडतो तिथे तिसरा चांगला हात घ्यावा आणि त्याचे नाव पुस्तकावर मानाने छापावे.

चित्र काढावे का?

आपल्या घरांत हा प्रश्न निघतोच, म्हणून तो टाळत नाही. सजीवांची चित्रे काढण्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. कुणी सरसकट मनाई मानतात, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी सवलत देतात, कुणी हेतू आणि उपयोग पाहतात. यावर फतवा देणे हे आमचे काम नाही. घरच्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांशी बसून बोलावे, आणि मुलांना सोबत घेऊन बोलावे. मनाई मानणाऱ्या घरातल्या मुलांसाठीही वाटा बंद होत नाहीत. खुशनवीसी, नक्षी, नकाशे, इमारती, झाडे, विज्ञानाच्या आकृत्या, पुस्तकांची मांडणी, अक्षररचना, आणि अर्थातच गोष्ट लिहिणे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. मुलाच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही आणि मुलीने रंगपेटी मागितली की लगेच काढला जातो. असे होत असेल तर तिथे दीनाची काळजी नाही, मुलीला थांबवण्याचे निमित्त आहे.

घरातली मुलगी

जोडीत बहीण असेल तर दहावीनंतर बहुतेक वेळा तिचीच वही आधी बंद होते. भावाला ‘बघू या’ म्हणतात, तिला ‘पुरे झाले’ म्हणतात. आम्ही अशी मुले पाहिली आहेत. बहीण गोष्ट रचायची आणि भाऊ रेखाटायचा. बहिणीचे शिक्षण थांबले आणि भावाची चित्रेही सुकली, कारण त्याच्याकडे सांगायला गोष्टच उरली नाही. एकीला थांबवल्याने नुकसान दोघांचे होते.

खरे तर घरून करता येणाऱ्या कामांत हे काम पुढे आहे. टिंकलमधला सुपंडी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वाचला. १९८० मध्ये मुंबईतून सुरू झालेल्या या मासिकात १९८३ पासून सुपंडी येऊ लागला. त्याला रूप दिले राम वाईरकर यांनी. २००३ मध्ये ते गेले, आणि मग सुपंडी रेखाटण्याचे काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी हाती घेतले. वडिलांची रेघ मुलीच्या हातात गेली आणि लाखो वाचकांचा सुपंडी तोच राहिला. अमेरिकेत जेनिफर होल्म ही बहीण लिहिते आणि धाकटा भाऊ मॅथ्यू रेखाटतो. एका खट्याळ उंदरीवरची त्यांची ‘बेबीमाउस’ ही मालिका २००५ मध्ये सुरू झाली आणि शाळेतल्या मुलांत खूप वाचली गेली.

पोट कशावर भरते?

आता अब्बूंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. केवळ स्वतःच्या कॉमिकवर घर चालवणारे आपल्या देशात फार थोडे आहेत. पण चित्र काढता येणाऱ्याचे आणि गोष्ट रचता येणाऱ्याचे घर चालते, कारण तो चार ठिकाणी काम करतो. पाठ्यपुस्तकांची चित्रे, बालमासिके, मुलांची पुस्तके, जाहिराती, आरोग्य खात्याची आणि संस्थांची माहितीपत्रके, सिनेमा-मालिकांच्या शूटिंगआधी काढली जाणारी दृश्यांची आराखडा-चित्रे, अॅनिमेशन, मोबाइलवरचे खेळ. मुंबई हे सिनेमाचे आणि जाहिरातींचे गाव असल्याने यातले बरेच काम आपल्यापासून लोकलच्या एका तिकिटावर आहे. या कामांतून महिना भागतो आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रकथा पुढे सरकते. लक्ष्मण यांनाही गट्टू काढावा लागलाच.

पहिली दोन-तीन वर्षे मिळकत तुटपुंजी असते, हे घराने आधीच धरून चालावे. दोघे भावंडे असतील तर एकाने नोकरी धरावी आणि दुसऱ्याने काम वाढवावे, मग पाळी बदलावी. दोघांनी एकदम नोकरी सोडून बसू नये.

तयारी शाळेपासून करता येते. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा मुलांना द्यायला लावा. हात तर बसतोच, शिवाय दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. बारावीनंतर मुंबईत सर जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण आहे. पवईला आयआयटीचे डिझाइन विद्यालय आहे, त्यासाठी ‘युसीड’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. आपल्या खारघरमध्ये ‘निफ्ट’चे संकुल आहे. तिथे कपड्यांखेरीज संवादकलेचाही अभ्यासक्रम आहे, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. लिहिणाऱ्या भावंडाने मात्र भाषा सोडू नये. मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्हींत रोज काहीतरी वाचावे.

महागडा टॅब्लेट लगेच घेण्याची गरज नाही. साधी पेन्सिल, काळे पेन, कोरे कागद आणि फोटो काढायला मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते. अशा मासिकांचे जुने अंक मिळवून मुलांना दाखवा. कोणत्या पानावर किती मजकूर, किती चित्र, हे त्यांना डोळ्यांनी कळेल.

नाव, हिशेब आणि कागद

भावंडांची जोडी मोडते ती बहुधा चित्रावरून मोडत नाही, पैशावरून आणि नावावरून मोडते. ‘घरचेच तर आहोत’ म्हणून काही लिहिले जात नाही. मग लग्ने होतात, घरे वेगळी होतात आणि जुन्या पुस्तकाचे पैसे आले की मने दुखावतात. सूरह अल-बकरामध्ये, आयत २८२ मध्ये, मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण ती दुकानाच्या उधारीला लावतो, घरातल्या कामाला लावत नाही. भावंडांनी ती लावावी. एक साधी वही करावी. कुठले काम कुणी केले, किती पैसे आले, खर्च किती, वाटणी कशी. पुस्तकावर दोघांची नावे असावीत, लेखन कुणाचे आणि चित्रे कुणाची हे लिहून. बहिणीचे लग्न झाले म्हणून तिचे नाव गळू नये आणि तिचा हिस्सा भावाकडे जाऊ नये. तिची कमाई तिची आहे, हे आपल्या शरीयतनेच सांगितले आहे.

बाहेरच्यांशी व्यवहार करताना कायदा थोडा माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गोष्ट लिहिताक्षणी आणि चित्र काढताक्षणी हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण नोकरीत राहून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाचा असतो. हक्क दुसऱ्याला देताना लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता हक्क दिला असे मानतात. सही करण्याआधी हे दोन रकाने कोरे आहेत की भरलेले, आणि भरलेले असतील तर काय भरले आहे, एवढे तरी वाचावे. हक्क विकला तरी ‘हे माझे काम आहे’ असे म्हणण्याचा अधिकार जात नाही.

हे न पाहिल्याने काय होते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. जेरी सीगल याने लिहिलेला आणि त्याचा मित्र जो शुस्टर याने रेखाटलेला सुपरमॅन या दोघांनी १९३८ मध्ये १३० डॉलर घेऊन विकून टाकला. त्यावर इतरांनी किती कमावले ते सारे जग जाणते. ते दोघे मात्र कितीतरी वर्षे कोर्टकचेऱ्या करत राहिले.

या सुट्टीत एवढे करा

पालकहो, मुलांना आजच्या आज कलाकार करा असे आम्ही म्हणत नाही. सुट्टीत एकच करा. दोन्ही भावंडांना आठ पानांची एक चित्रकथा पूर्ण करायला सांगा. विषय घरचाच असू द्या. दादीचे गाव, पहिला रोजा, लोकलचा प्रवास, काहीही. पहिल्या पानावर दोघांची नावे लिहायला लावा, लेखक कोण आणि चित्रकार कोण तेही. झाल्यावर घरातल्या मोठ्यांनी बसून ती वाचावी, आणि वाचताना मोबाइल बाजूला ठेवावा.

आठवे पान पूर्ण झाले नाही तरी काही बिघडत नाही, छंद म्हणून तो राहील. पण झाले, आणि मुले नववे पान मागू लागली, तर समजा की घरात दोन हुनर आहेत. मग शाळा, परीक्षा, फी आणि वेळ यांचा विचार दोघांसाठी सारखा करा, एकीला वगळून नको.